पाळण्यातून पडलेली

माझा डावा हात कोपराच्या खाली आखूड आहे आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं आहे. अंगठा आहे, पण नावापुरता. त्यानं काही धरता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माणसांची नजर पहिल्यांदा तिथंच जाते आणि मग ती तिथून काढताना त्यांची जी धांदल होते ती मला बघवत नाही. सरळ विचारावं की. माझं उत्तर लहानपणापासून तयार होतं: पाळण्यातून पडले.

मेढ्याजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पाळणा कुणी हलवला हेही. माझ्या धाकट्या आत्यानं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आई परड्यात धुणं वाळत घालत होती, पोर रडतंय म्हणून आत्याला झोका द्यायला सांगितलं होतं. तिनं जोरात दिला, एका बाजूची दोरी सुटली आणि मी खाली आले. हात मोडला. डोंगरापलीकडं हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्यानं कामट्या लावून हात आवळून बांधला. लय दिवस बांधून ठेवला म्हणून अंगठा वाळला आणि हात वाढायचा राहिला. अशी ती गोष्ट. घरात ती कुणी रागानं सांगत नसे. पाहुणे आले, त्यांची नजर गेली, की आजी किंवा आई भाकरी थापता थापता सांगून मोकळ्या व्हायच्या. आत्या तिथंच पीठ चाळत बसलेली असायची.

या आत्यानं मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. वडील लष्करात, वर्षातून एकदा यायचे. आई शेतात राबायची. शाळेत सोडणं, वेणी घालणं, ओढ्यावर नेणं, सगळं आत्याकडं. परकराची नाडी एका हातानं आणि दातानं कशी बांधायची हे तिनंच मला शिकवलं. त्यासाठी म्हणे ती स्वतःचा डावा हात ओच्यात खोचून आठवडाभर सराव करत होती. पण माझ्या डाव्या हाताला तिनं कधी हात लावला नाही. दिवाळीत अभ्यंगाला बसवायची, डोकं, पाठ, पाय, उजवा हात, सगळीकडं तेल लावायची, आणि मग वाटी आईकडं सरकवून उठून जायची. लहान असताना मला वाटायचं, तिला किळस येते. मी एकदा तिच्या तोंडावर म्हटलंही. ती उठून बंबात लाकडं सारायला गेली.

लग्न होऊन ती शेजारच्याच गावात गेली. तिला दोन मुलगे झाले. दोघांनाही तिनं जमिनीवर गोधडी अंथरून वाढवलं. सासूचा सागवानी पाळणा घरात होता, तो तिनं माळ्यावर टाकायला लावला, आणि सासूनं कितीही डोकं फोडलं तरी खाली काढू दिला नाही. कुणाच्या बारशाला गेली, की बायका पाळण्याभोवती जमायच्या वेळी हिला नेमकी घुगऱ्यांची आठवण व्हायची आणि ही चुलीपाशी जाऊन बसायची. भावकीतल्या बायका हसायच्या. बाळाला पाळण्याखालून घ्यायला आत्या कधी सापडायची नाही म्हणून तिची चेष्टा व्हायची. मीही हसले आहे. आपलं माणूस कशानं पळतंय हे कळायलाही अक्कल लागते, आणि ती मला तेव्हा नव्हती.

अपंगाचा दाखला काढायला साताऱ्याला मला तीच घेऊन गेली होती. मी पाचवी-सहावीत असेन. जायच्या दिवशी आईच्या अंगात ताप भरला. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला, कागद पुढं ओढला आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, पाळण्यातनं पडली, माझ्या हातनं पडली. डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि कारणाच्या ओळीत पाळण्यातून पडून इजा असं लिहिलं. हाडाचा फोटोबिटो काही काढला नाही. हात वाकडा आहे हे दिसत होतं, त्याला आणखी पुरावा कशाला. परतीच्या एसटीत आत्यानं तो कागद पिशवीत उताणा धरला होता, घडी पडू नये म्हणून. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता, की साहेबापुढं काय धीटपणे बोलली.

नंतर मी शिकले, सांगलीला आले, आणि एका मोठ्या दवाखान्यात कामाला लागले. काम काय, तर कोडिंग. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्याकडं येते. डॉक्टरांनी जे निदान लिहिलंय त्याला जगभर ठरलेला एक क्रमांक असतो, तो शोधून लावायचा. त्या क्रमांकावर पुढचं सगळं चालतं: विमा, सरकारी योजना, पुढच्या तपासण्या, आणि कुठल्या भागात कुठला आजार वाढतोय हे कळणं. ऐकायला सोपं वाटतं. पण डॉक्टर लोक लिहितात त्रोटक, अक्षर तर विचारूच नका, आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्या मनानं धरायचं नाही हा आमच्या कामातला पहिला नियम. फोटोत तुम्हाला ढळढळीत दिसत असलं तरी डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय ते आमच्या लेखी नाही. मग फाईल काखेत मारून त्यांच्यामागं फिरायचं. मी फिरते. माझ्या हाताखालची पोरं म्हणतात, मॅडम, 'अनिर्दिष्ट' म्हणून एक क्रमांक असतो की, तो टाका आणि सोडा. मला त्या शब्दाचा संताप येतो. अनिर्दिष्ट म्हणजे काय, तर आम्ही विचारलं नाही.

मोडलेल्या हाडाचं प्रकरण वेगळं असतं. दुखापतीला एकच क्रमांक लावून भागत नाही. दुखापत कशानं झाली याचाही दुसरा क्रमांक जोडावा लागतो. गाडीवरून पडला, झाडावरून पडला, बैलानं मारलं, कुणी ढकललं, सगळ्याला वेगवेगळा. पलंगावरून पडल्याचासुद्धा आहे. नवीन असताना मी एकदा कुतूहल म्हणून माझ्या हाताचा शोधला होता. जुन्या इजेचा राहिलेला परिणाम, आणि त्याला जोडून वरून खाली पडणे. दोन्ही क्रमांक माझे माझे, पाठ करून टाकले होते. चहाच्या वेळी बरोबरच्या बायकांना ते गमतीनं ऐकवायचे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एक फाईल आली. कोयनेकडची बाई, तिचं काही महिन्यांचं बाळ, मुलगी. हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की डाव्या हाताच्या पुढच्या भागात एक हाड जन्मतः नाही. कुठलं हाड ते लिहिलं नव्हतं. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या बाजूचं. दोन्हीचे क्रमांक वेगळे. अंगठ्याच्या बाजूचं हाड नसेल तर बाळाचं हृदय, मूत्रपिंड आणि रक्तही तपासावं लागतं, कारण कधी कधी तिकडंही काही राहून गेलेलं असतं. म्हणजे इथं अनिर्दिष्ट टाकून चालणार नव्हतं. मी फाईल उचलली आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी आत घेतलं. तरुण डॉक्टर, बोलायला बरे, पण घाईत असणारे. मी विचारलं, कुठलं हाड. ते दुसऱ्या कुणाचा तरी फोटो उजेडाला धरून बघत होते. मान न वळवता म्हणाले, अंगठ्याच्या बाजूचं, तुमचं आहे तसंच.

मी म्हटलं, माझं तसलं काही नाही, मी लहानपणी पाळण्यातून पडले होते. आवाज चढलाच माझा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि हाताचा विषय निघाला की तो खाली उतरतच नाही. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. माझ्या हाताकडं त्यांनी खरोखर पाहिलं, चोरून नाही, आणि एवढंच म्हणाले:

"पडून हाड मोडतं. नाहीसं होत नाही."

त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून दिली आणि मला खाली फोटो काढायला पाठवलं. खरं सांगते, मी त्यांना खोटं पाडायला गेले. फोटो काढणारा ओळखीचा होता, त्यानं हात काचेवर ठेवून घेतला आणि थोड्या वेळानं पडद्यावर दाखवला. करंगळीच्या बाजूचं हाड जाड, धनुष्यासारखं वाकलेलं. त्याच्या शेजारी जिथं दुसरं असायला हवं तिथं काही नाही. मोडल्याची खूण नाही, वाकडं जुळल्याची गाठ नाही, तुकडा नाही. नुसता काळा भाग. आयुष्यभर फायलींत असले फोटो बघितलेत, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तुम्हाला वाटेल, मला माझं काहीतरी वाटलं असेल. नाही वाटलं. हात जसा होता तसाच होता, त्यानं मी आधी काय करत होते आणि नंतर काय करणार होते यात फरक पडत नव्हता. मला एकदम आत्या दिसली. वाटी आईकडं सरकवून उठून जाणारी. मी तिथंच खुर्चीवर बसले आणि मला रडू फुटलं. तो फोटो काढणारा बिचारा गांगरून पाणी आणायला पळाला.

आई माझ्याकडंच राहते, सांगलीत. माझं लग्न झालं नाही. बघायला यायचे त्यांना आई पहिल्यांदा हेच सांगायची, की जन्मापासनं न्हाई बरं का, पडल्यामुळं हाय, पोराबाळांत उतरायचं न्हाई. तरी कुणी होकार दिला नाही. त्या दिवशी घरी गेले तेव्हा ती गॅलरीत लसूण सोलत होती. मी फोटो तिच्यापुढं धरला आणि आडवळणं न घेता सांगितलं, की पडल्यानं असं होत नाही, तर आता खरं बोल. मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवेल. तिनं फोटोकडं पाहिलंसुद्धा नाही. लसणाची साल फुंकून उडवली आणि म्हणाली, कवातरी कळणारच हुतं.

मग तिनं सांगितलं. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी होती, कवठे महांकाळकडं. मी जन्मले तेव्हाच हात असा होता. माहेरच्यांनी तोंड शिवून ठेवलं. बारशाला सासरची माणसं आली, पण मी कुंचीत आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, दृष्ट लागेल म्हणून कुणी उघडं केलं नाही. तिसऱ्या महिन्यात मेढ्याला आली तेव्हा हाताला गळू झालंय म्हणून फडकं बांधलं, अंघोळ स्वतः घालायची, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. हे किती दिवस चालणार ते तिला कळत नव्हतं. आणि एक दिवस खरोखरच पाळण्याची दोरी सुटली. मी गोधड्यांच्या ढिगावर पडले. लागलं काहीच नव्हतं, नुसती दचकून रडले. पण आई धावत आली, मला उचललं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की हात मोडला, पोरीचा हात मोडला. एकदा निघालं ते निघालं. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याला काय ते कळलं होतं, पण तो पट्टी बांधून गप्प राहिला. आजीनं त्या हाताकडं खूप वेळ पाहिलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तीच शेजारणींना पाळण्याची गोष्ट सांगायला लागली. वडील सुट्टीवर आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं, आणि पुढं खरं न कळताच ते वारले.

मी विचारलं, लपवायचं कशाला? चोरी केली होती का? तेव्हा आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. घरात सगळ्यांनी बजावलं होतं की हातात काही धरू नको, काही चिरू नको, नुसती बसून राहा. पण रानात माणसं होती, त्यांची भाकरी जायची होती, म्हणून हिनं गुपचूप विळीवर भाजी चिरली. सासूनं बघितलं होतं की नाही ते तिला आजतागायत ठाऊक नाही. मूल असं झालं म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच आला असता. माझी आई, जी रोज टीव्हीवर बातम्या बघते, जिला फोनवरून पैसे पाठवता येतात, ती इतकी वर्षं मनात धरून बसली होती की तो हात तिनं चिरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, तो राग तिथंच विझला. पण एक गोष्ट मी विचारलीच. तुझी सुटका झाली, पण आत्याचं काय? ती लेकरू होती. आईनं लसणाची वाटी बाजूला ठेवली.

"वाटलं, पोरगी हाय, इसरंल."

मी फोटो पाकिटात घातला. एवढंच सांगितलं, की आत्याला हे कळणार आहे, तू सांगशील का मी सांगू ते ठरव. आई काही दिवस माझ्याशी बोलली नाही. देवापुढं बसून राहायची, जेवायची कमी. मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल.

सांगलीहून साताऱ्याला, तिथून मेढा, मग पुढची जीप. आत्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिच्या धाकट्या मुलाला नुकतीच मुलगी झाली होती, ती पलीकडं जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर पाय झाडत पडली होती. अचानक कशा आल्या म्हणून आत्या गडबडली, सुनेला चहा ठेवायला सांगायला लागली. आईनं तिला बसायला सांगितलं. आत्या वयानं लहान असली तरी आई तिला वन्संच म्हणते, अहोजाहो करते.

"वन्सं, तिचा हात तुमच्या हातनं मोडला न्हाई. ती तशीच जल्मली हुती. मला ठावं हुतं."

आत्या हातातली शेंग सोलायची थांबली नाही. ती सोलून झाली, दाणे ताटात पडले, दुसरी उचलली. मी पाकिटातून फोटो काढला, आत्याच्या शेजारी बसले, आणि माझ्या हातावर बोट ठेवून दाखवलं की इथं हाड असतं, माझं मुळातच नाही, पडून हे होत नाही. ती ऐकत होती की नाही कळेना. मग ती आईकडं वळली.

"वैनी, मी नऊ वरसांची हुते."

आत्याचा आवाज चढला नव्हता, रडूही नव्हतं. ती म्हणाली की तिला अजून स्वप्नात दोरी दिसते. तिला तो झोका आठवतो, हातात दोरीचा जोर आठवतो. तेवढं तर खरं होतं ना? मी म्हटलं, तेवढं खरं होतं, बाकीचं नव्हतं. तेव्हा तिनं विचारलं, मग हे कुणामुळं झालं? हा प्रश्न विचारताच आईनं खाली मान घातली. मला कळलं की दोघी उत्तराची वाट बघतायत, एक माझ्याकडं बघून आणि दुसरी न बघता.

मग मी त्यांना माझं काम सांगितलं. कधी नव्हे ते सांगितलं, कारण गावाकडं मी दवाखान्यात आहे एवढंच माहीत. म्हटलं, पडून झालेल्या इजेला आम्हाला दोन क्रमांक लावावे लागतात, एक इजेचा आणि एक कशानं झाली त्याचा. तिथं कारण विचारतात. पण जन्मापासून जे आहे त्याला एकच क्रमांक. तिथं कुणी केलं, कशानं झालं, हे विचारतच नाहीत. बाळ पोटात घडतानाच ते हाड तयार झालं नाही. बहुतेक वेळा मोठमोठ्या डॉक्टरांनाही का ते सापडत नाही. ग्रहणानं होत नाही, विळीनं होत नाही, झोक्यानं होत नाही. कुणामुळंच नाही.

आईनं पदरानं डोळे पुसले. तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही. ग्रहण आलं की ती अजूनही शेजारच्या पोरींना घरात बसवते. आत्या उठली, आत जाऊन चहा घेऊन आली. मला हातात दिला, आईचा कप तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. निघताना मात्र ती माझ्यामागं अंगणापर्यंत आली आणि विचारलं, साताऱ्याचा तो दाखला अजून हाय का. मी म्हटलं, आहे. तो कागद तिच्या मनात घर करून बसला होता. बाकी सगळे तिच्याबद्दल बोलले होते, पण साहेबापुढं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि त्यानं ते लिहून घेतलं होतं. ती म्हणाली, त्यो बदल. जाशील तवा मला सांग, मी येती.

जुने दाखले आता चालत नाहीत, दिव्यांगांचं नवं कार्ड काढावं लागतं. मी कंटाळा करत होते, ते निमित्त झालं. माझ्या आधारकार्डावरचा पत्ता अजून गावचाच, त्यामुळं तपासणी साताऱ्याला. आत्या माझ्या आधी येऊन फाटकापाशी उभी होती. हातमागाची चांगली साडी, पायात नव्या चपला, लग्नाला आल्यासारखी. सकाळभर आम्ही बाकावर बसून होतो. फोटोचं पाकीट मांडीवर तिनंच धरलं होतं, उताणं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फोटो उजेडाला धरला, हाताकडं पाहिलं, आणि मान खाली घालून लिहायला सुरुवात करत विचारलं, हे कधीपासून, काय झालं होतं. तोच प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या डाव्या हाताखाली कुणाचा तरी तळवा आला. आत्यानं माझा हात कोपरापासून उचलला आणि जपून, दोन्ही हातांनी, टेबलावर डॉक्टरांपुढं ठेवला. तिचे हात खरखरीत होते आणि गार पडले होते. या हाताला तिचा तो पहिला स्पर्श.

"जल्मापासनं," ती म्हणाली. "पडलीबिडली न्हाई."

डॉक्टरीण हसून म्हणाली, दिसतंय की ते, मावशी. तिनं लिहिलं. आत्यानं तिला काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगितलं. तिनं वाचलं, जन्मजात. आत्या वाट बघत राहिली, पुढं आणखी काही येतंय का. पुढं काही नव्हतं. ती तरी हलेना, मागच्या माणसाला आत बोलावलं तेव्हा मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. माझा हात तिनं सोडला नव्हता. जिन्यावरून उतरताना ती अंगठा फिरवून माझ्या हाताचं हाड चाचपत होती, जिथं एकच आहे तिथं.

आईशी ती अजून मोकळेपणानं बोलत नाही. सणावाराला फोन येतो, तो माझ्यासाठी. मी मध्ये पडत नाही. मला दोघींचं कळतं आणि दोघींचा रागही येतो.

त्या दिवशी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मेढ्याची गाडी लागायची होती. आत्यानं पिशवीतून फोन काढला, माझ्याकडून सुनेचा नंबर लावून घेतला. बाळ झोपलंय का म्हणून विचारलं. दूध पिलं का विचारलं. मग तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली:

"नवऱ्याला म्हणावं, माळ्यावरचा पाळणा खाली काढ. दोरी जुनी असंल, ती टाकून दे. नवी मी आणती."

गाडी लागली होती. मी म्हटलं, आत्या, जागा धरायला हवी. ती म्हणाली, दुसरीनं जाऊ, आणि रस्ता ओलांडून दोरीच्या दुकानाकडं चालायला लागली. मी तिच्या पिशव्या घेऊन मागं निघाले.